सायकल मार्गिकेची आखणी चौकापासून सुरू करावी

आपला प्रश्न मला समजला तो असा. शहरातला सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आहे, दोन्ही पदपथांच्या मधली रुंदी १५ मीटर आहे, जाण्याच्या आणि येण्याच्या प्रत्येकी दोन मार्गिका आहेत, एका बाजूला पार्किंग आहे, बसची वर्दळ आहे, वाटेत दोन शाळा आणि सिग्नल असलेले चार चौक आहेत. नागरिकांच्या समितीने दोन्ही कडांना १.२ मीटरचा पट्टा सायकलींसाठी आखायचे ठरवले आहे. या पट्ट्याला नुसता रंग पुरेल, लवचीक खांब लावावेत की काँक्रीटचा कठडा घालावा, आणि दोन पट्ट्यांऐवजी एकाच बाजूला दुहेरी मार्गिका केली तर जागा वाचेल का, असे आपण विचारले आहे. आपल्या आराखड्यात वाहने डावीकडून चालतात, तेव्हा खालचे सगळे विवेचन त्याच पद्धतीचे आहे. उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांतली रेखाचित्रे पाहताना ती आरशात पाहिल्यासारखी उलटी करून घ्यावीत.

मी रस्त्यांच्या आखणीचे काम अनेक वर्षे करत आले आहे आणि जवळजवळ प्रत्येक प्रकल्पाची पहिली बैठक याच प्रश्नाने सुरू होते. रंग, खांब की कठडा, हा दोन चौकांमधल्या सरळ भागाचा प्रश्न आहे. सायकलस्वार आणि मोटारी यांच्या गंभीर धडका मात्र शहरी रस्त्यांवर मोठ्या प्रमाणात तिथे होतात, जिथे त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात: चौकात, गल्लीच्या तोंडाशी, एखाद्या आवाराच्या फाटकापाशी. आणि कठडा नेमका तिथेच तुटतो, कारण वाहनांना वळता यावे म्हणून तो तिथे तोडावाच लागतो. त्यामुळे ज्या आराखड्यात सरळ भाग मजबूत आणि चौक कोरा असतो, तो सायकलस्वाराला निर्धास्त करून सर्वांत धोक्याच्या जागी आणून सोडतो. म्हणून आधी चौक आखावा, तिथे जे लागेल त्यावरून मागे सरळ भागाची रुंदी ठरवावी आणि अडथळ्याचा प्रकार सगळ्यात शेवटी निवडावा, असे माझे मत आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सगळ्यात आधी या रस्त्यावरचा खरा वेग पाहावा लागेल. पाटीवर लिहिलेला वेग इथे उपयोगाचा नसतो. ज्या वेगाच्या आत १०० पैकी ८५ वाहने चालतात, तो वेग मोजून घ्यावा लागतो, आणि तोही रहदारी विरळ असताना, कारण गर्दीच्या वेळी सगळेच हळू असतात. चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगला मानला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन साधारण १३ मीटरमध्ये थांबते आणि ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनाला सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे पहिले वाहन जिथे पूर्ण थांबलेले असते, तिथे दुसऱ्याचा ब्रेक नुकताच लागू लागलेला असतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० च्या धडकेत ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पटींहून जास्त ऊर्जा असते. या दोन वेगांच्या मध्ये सायकलस्वाराचे वाचणे किंवा न वाचणे बऱ्याच अंशी ठरते.

यावरून एक ढोबळ नियम निघतो. वेग ३० च्या आत असेल आणि दिवसभरात साधारण दोन ते अडीच हजारांहून कमी वाहने जात असतील, तर सायकली आणि मोटारी एकाच डांबरावर चालू शकतात आणि वेगळ्या मार्गिकेची गरज पडत नाही. ब्रिटनच्या सरकारने २०२० मध्ये काढलेल्या सायकल आखणीच्या मार्गदर्शिकेत ही मर्यादा याच्याच आसपास आहे, आणि डच अभियंतेही निवासी भागातल्या रस्त्यांना याच रीतीने हाताळतात. त्याहून जास्त वेग किंवा जास्त वाहने असतील तर दोघांना भौतिकदृष्ट्या वेगळे करावे लागते. बस आणि चार मार्गिका असलेला आपला रस्ता या दुसऱ्या वर्गात पडतो याबद्दल मला फारशी शंका नाही. त्यामुळे नुसत्या रंगाचा पर्याय मी इथेच बाजूला ठेवते. मेलबर्नमध्ये सायकलींवर मोजयंत्रे बसवून केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की रंगवलेला पट्टा असलेल्या रस्त्यांवर मोटारी सायकलस्वाराच्या अधिक जवळून पुढे जातात. याचे कारण मला तरी उघड वाटते. पट्टा नसतो तेव्हा चालकाला ओलांडून जाण्याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. पट्टा असतो तेव्हा तो फक्त आपल्या रेषेच्या आत राहतो आणि रेषेपलीकडच्या माणसाचे अंतर त्याच्या मनात येतच नाही.

आता चौकाकडे येऊ. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत सायकलस्वाराला सर्वाधिक धोका डावीकडे वळणाऱ्या वाहनाचा असतो. सायकलस्वार कडेने सरळ जात असतो, त्याच्या उजव्या हाताची मोटार त्याला किंचित मागे टाकते आणि त्याच्या पुढ्यात डावीकडे वळते. वळताना चालकाचे लक्ष पुढच्या रस्त्यावर आणि पादचाऱ्यांवर असते, आणि सायकलस्वार त्याच्या खांद्यामागे, आरशाच्या कोपऱ्यात कुठेतरी असतो. वाहन ट्रक किंवा बस असेल तर प्रकरण अधिक गंभीर होते, कारण लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूने कोपरा कापतात आणि चालकाच्या केबिनमधून डाव्या अंगाची जवळची जागा जवळजवळ दिसतच नाही. लंडनने २०२१ पासून अवजड ट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसते याच्या कसोटीवर शहरातला प्रवेश बांधला, तो याच कारणाने.

यावर नेदरलँड्समध्ये रूढ झालेला आणि आता इतरत्रही पोहोचलेला उपाय म्हणजे संरक्षित चौक. त्याचे गमक एका लहानशा बेटात आहे. चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर, वळणाऱ्या मोटारी आणि सायकल मार्गिका यांच्या मध्ये, बदामाच्या आकाराचे काँक्रीटचे बेट बांधतात. या बेटामुळे तीन गोष्टी एकदम साधतात. मोटारीला वळणासाठी मिळणारी गोलाई लहान होते. कोपरा १२–१५ मीटर त्रिज्येचा असेल तर गाडी ताशी पंचविशीच्या आसपास सहज वळते, आणि तीच त्रिज्या ५ मीटरवर आणली की वेग पंधराच्या जवळ येतो. दुसरे म्हणजे सायकलचा ओलांडण्याचा मार्ग चौकापासून साधारण एका मोटारीच्या लांबीइतका, म्हणजे ५ मीटरच्या आसपास, मागे सरकतो. त्यामुळे चालक वळण जवळजवळ पूर्ण करून सायकलींच्या वाटेशी काटकोनात येतो, सायकलस्वार त्याला आरशात शोधावा लागत नाही, समोरच्या काचेतून दिसतो, आणि मागची वाहतूक न अडवता थांबायला एका गाडीपुरती जागाही मिळते. तिसरे, सिग्नलला थांबलेले सायकलस्वार बेटाच्या आड, मोटारींच्या थांबारेषेच्या बरेच पुढे उभे राहतात, त्यामुळे हिरवा दिवा लागायच्या आधीच ते चालकांच्या नजरेत असतात.

कोपरा लहान केला तर बस आणि अग्निशामक बंब कसे वळणार, हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. बेटाची कड उभी न ठेवता बाहेरचा भाग उतरता, खडबडीत आणि तीन-चार इंचांहून कमी उंचीचा करावा. लांब वाहनाचे मागचे चाक त्यावरून जाऊ शकते, मोटारचालकाला मात्र तो खडबडीतपणा नकोसा वाटतो आणि तो बाहेरूनच वळतो. आराखडा पक्का करण्याआधी रिकाम्या मैदानात खडूने कोपरा आखून, शंकू ठेवून, त्या मार्गावरची सगळ्यात लांब बस खरोखर वळवून पाहावी. संगणकावरचे वळणाचे आलेख मी वापरते, पण परिवहन विभागातल्या लोकांची खात्री मैदानावरच्या चाचणीने जितकी पटते तितकी कशानेच पटत नाही. चाचणीसाठी सगळ्यात नवखा चालक मागावा.

उजवीकडे वळू पाहणाऱ्या सायकलस्वाराचा विचार आराखड्यात अनेकदा राहून जातो. त्याला मोटारींच्या मार्गिका ओलांडून रस्त्याच्या मध्यापर्यंत जायला लावणे हे शाळकरी मुलांच्या बाबतीत मला मान्य नाही. संरक्षित चौकात तो आधी सरळ ओलांडतो, पलीकडच्या बेटाआड थांबतो आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की उजवीकडे निघतो. दोन टप्प्यांत वळणे थोडे वेळखाऊ आहे हे खरे, पण सिग्नलचे चक्र आटोपशीर ठेवले तर लोक ते पाळतात. चक्र दोन-अडीच मिनिटांचे असेल तर कोणीही पाळत नाही, आणि त्याचा दोष मी सायकलस्वाराला देणार नाही.

सिग्नलबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात. डावीकडे वळणारी वाहने थोडी असतील तर सायकलींना आणि पादचाऱ्यांना मोटारींच्या आधी चार-पाच सेकंद हिरवा दिवा द्यावा. मोटारी हलेपर्यंत सायकली ओलांडण्याच्या मध्यावर आलेल्या असतात. वळणारी वाहने जास्त असतील तर दोघांचा हिरवा दिवा एकाच वेळी ठेवू नये, वळणाऱ्यांना स्वतंत्र टप्पा द्यावा. हे ‘जास्त’ म्हणजे किती, याचा एक उपयोगी आकडा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत आहे: एकेरी सायकल मार्गिका छेदून कडेकडे वळणारी वाहने तासाला १५० च्या वर गेली की टप्पे वेगळे करावेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात तर काही चौकांवर सगळ्या बाजूंच्या सायकलींना एकदम हिरवा दिवा मिळतो आणि त्या वेळी मोटारी चारी बाजूंनी थांबलेल्या असतात. शाळेजवळच्या चौकासाठी हा पर्याय जरूर तपासून पाहावा. राहिली ओलांडायला मिळणाऱ्या वेळेची गोष्ट. ती सराईत सायकलस्वारावरून ठरवू नये. थांबलेल्या अवस्थेतून निघणारे लहान मूल सुरुवातीला सेकंदाला तीन मीटरच्या आसपास जाते, पाय पेडलवर ठेवण्यात दोन सेकंद जातात, म्हणजे २० मीटर ओलांडायला त्याला जवळजवळ नऊ सेकंद हवेत.

सिग्नल नसलेली गल्लीची तोंडे आणि फाटके यांची संख्या दोन किलोमीटरमध्ये चौकांच्या कितीतरी पट असते. तिथे सायकल मार्गिका आणि पदपथ यांची पातळी तशीच पुढे न्यावी आणि मोटारीला एका छोट्या उतारावरून वर चढून, ती ओलांडून, पुन्हा खाली उतरायला लावावे. कोपनहेगनमध्ये हे सर्रास दिसते. रस्त्याने येणाऱ्या चालकाला आपण दुसऱ्याच्या जागेतून जात आहोत हे चाकांना जाणवते आणि त्यासाठी पाटी लावावी लागत नाही. या तोंडांच्या दोन्ही बाजूंना निदान एका गाडीच्या लांबीइतकी, आणि मुख्य चौकाआधी पंधरा मीटर तरी, पार्किंग बंद ठेवावे, कारण उभ्या गाड्यांच्या रांगेआडून अचानक बाहेर येणारी सायकल कोणालाच दिसत नाही. नुसती ‘पार्किंग निषिद्ध’ पाटी तिथे टिकत नाही. ती जागा सायकल लावायच्या लोखंडी कमानींनी किंवा बुटक्या झुडपांच्या वाफ्याने भरून टाकावी.

आता या सगळ्याला किती रुंदी लागते ते पाहू आणि मग आपला १.२ मीटरचा पट्टा त्यात बसतो का ते तपासू. माझ्या मते तो बसत नाही. सायकलचे हँडल पाऊण मीटरच्या आत असते, पण चालती सायकल कधीच सरळ रेषेत जात नाही. वेग ताशी बारा किलोमीटरच्या खाली गेला की तोल सावरण्यासाठी तिचे डोलणे वाढते, आणि मुले, वृद्ध, चढ चढणारी माणसे नेमकी याच वेगाने जातात. एका चालत्या सायकलला सुमारे एक मीटर लागतो. पट्ट्याची पदपथाकडची कड म्हणजे गटाराच्या जाळ्या, उतरती बाजू आणि साचलेला कचरा. तिथले ३०–४० सेंटिमीटर कोणी वापरत नाही. म्हणजे १.२ मीटरमधून उपयोगी उरतात सुमारे ८० सेंटिमीटर. शेजारी गाड्या उभ्या असतील तर त्यांचे दार साधारण एक मीटर बाहेर येते, आणि मग पट्ट्याचा जवळजवळ सगळा भाग दाराच्या झेपेत येतो. अशा पट्ट्यावरून सायकल चालवण्यापेक्षा पट्टा नसलेल्या रस्त्यावरून चालवणे मला अधिक सुरक्षित वाटते, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

एका सायकलने दुसरीला ओलांडून जावे, आई मुलाच्या शेजारून जावी, मालवाहू तीनचाकी सायकल मावावी, यासाठी एकेरी मार्गिकेची मोकळी रुंदी दोन मीटरच्या वर हवी. आपल्या १५ मीटरमध्ये ती बसते, पण त्यासाठी मोटारींच्या चार मार्गिकांचा मोह सोडावा लागेल. मी सुचवेन ती विभागणी अशी: मोटारींच्या दोन मार्गिका प्रत्येकी ३.२५ मीटर, कारण बसला तेवढी लागते. सायकलींच्या दोन मार्गिका प्रत्येकी २.२ मीटर. पार्किंग २.१ मीटर. आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटरची विभाजक पट्टी. बेरीज बरोबर १५ मीटर होते. पार्किंग पदपथाला खेटून न ठेवता सायकल मार्गिकेच्या बाहेर, मोटारींच्या बाजूला आणावे. उभ्या गाड्याच मग कठड्याचे काम करतात, आणि मीटरभराच्या पट्टीमुळे उघडणारे दार सायकलस्वारापर्यंत पोहोचत नाही. न्यूयॉर्कच्या नाइन्थ ॲव्हेन्यूवर २००७ मध्ये हीच मांडणी केली होती. चौक जवळ आला की पार्किंग संपते, तिथे त्याचे २.१ मीटर आणि दोन्ही पट्ट्यांमधले प्रत्येकी ४० सेंटिमीटर मिळून २.९ मीटर होतात, आणि तेवढ्यात उजवीकडे वळणाऱ्या मोटारींसाठी स्वतंत्र मार्गिका बसते. चौकातल्या बेटाची जागा मोठा कोपरा लहान केल्यातून निघते.

चाराच्या दोन मार्गिका केल्या तर वाहतूक तुंबेल, असे लगेच म्हटले जाईल. ते नेहमीच खरे नसते. दुभाजक नसलेल्या चार मार्गिकांच्या रस्त्यावर आतली मार्गिका उजवीकडे वळायला थांबलेल्या गाडीने वारंवार अडते आणि बाहेरची बसने किंवा रिक्षाने, त्यामुळे कागदावर चार दिसणाऱ्या मार्गिका प्रत्यक्षात अडीच-तीनचेच काम करतात. वळणाऱ्यांना बाजूला काढले की उरलेली एक मार्गिका सलग वाहते. अमेरिकेचे संघीय महामार्ग प्रशासन दिवसाला सुमारे २०,००० वाहनांपर्यंतचे रस्ते अशा फेररचनेला योग्य मानते, आणि तिथल्या अभ्यासांत अशा रस्त्यांवरचे एकूण अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटलेले दिसले आहेत. आपल्याकडची वाहतूक मिश्र असेल, तर हा आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. दुचाकी आणि अवजड वाहने वेगळी मोजून, चौकाच्या क्षमतेचे गणित करूनच निर्णय घ्यावा. रस्त्याची क्षमता तशीही चौकातच ठरते.

इथे थोडे थांबून मागचे जोडून घेते. वेगामुळे वेगळी मार्गिका लागली, चौकामुळे बेट आणि मोकळे कोपरे लागले, आणि त्या दोहोंमुळे मोटारींच्या मार्गिका चारवरून दोनवर आल्या. आपला मूळ प्रश्न, खांब की कठडा, आता सोडवायला बराच सोपा झाला आहे. पार्किंगच्या बाजूला सुरुवातीला रंग आणि काही खांब पुरतात, कारण खरा अडथळा गाड्यांचा आहे. मात्र पार्किंग दिवसभर भरलेले नसेल, तर रिकाम्या वेळी ती बाजू उघडी पडते आणि तिथे कमी उंचीचा कर्ब, म्हणजे पदपथाला असते तशी काँक्रीटची कड, हवाच. दुसऱ्या बाजूला सलग कर्ब घालावा, त्यात पाणी जायला आणि पादचाऱ्यांना ओलांडायला ठरावीक अंतराने खिंडी ठेवाव्यात. सायकलकडच्या बाजूने कर्बची कड उतरती आणि पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतच उंच असावी. उभ्या आणि उंच कडेला पेडल आपटते, आणि सायकलस्वार त्या भीतीने तिच्यापासून दूर राहतो, म्हणजे आपण दिलेली रुंदी पुन्हा कमी होते. लवचीक खांबांचा दोष असा की ते मोडतात, आणि मोडलेले खांब बदलण्याची तरतूद नसली की वर्षभरात डांबरावर फक्त त्यांचे बुंधे उरतात, जे सायकलला आणि मोटरसायकलला दोघांनाही पाडतात. सुटे सुटे बुटके काँक्रीटचे ठोकळे मी कधीच सुचवत नाही. रात्री ते दिसत नाहीत आणि पायी ओलांडणारे त्यांना अडखळतात. विभाजक कोणताही असो, तो जिथे सुरू होतो ते टोक उंच, परावर्तक लावलेले आणि दिव्याच्या उजेडात असले पाहिजे.

एकाच बाजूच्या दुहेरी मार्गिकेने जागा वाचते हे खरे, कारण विभाजक पट्टी एकच लागते. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतरच्या काही वर्षांत १०० किलोमीटरहून मोठे जाळे बहुतांशी अशाच दुहेरी मार्गिकांनी उभे केले आणि तिथे सायकली लक्षणीय वाढल्या. तिथून शिकण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे ते जाळे तुकड्यातुकड्यांनी न करता एकमेकांना जोडलेले आणि झपाट्याने झाले. पण दुहेरी मार्गिकेत निम्म्या सायकली वाहतुकीच्या उलट दिशेने चौकात येतात. गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण त्याला धोका तिकडून असतो, आणि डावीकडून येणारी सायकल त्याच्या पाहण्यातच नसते. हेलसिंकीत नव्वदच्या दशकात चालकांच्या नजरेचा जो अभ्यास झाला, त्यात हीच गोष्ट, तिथल्या उजवीकडच्या वाहतुकीप्रमाणे दिशा उलट धरून, स्पष्ट दिसली होती. नदी, रेल्वेमार्ग किंवा मोठे उद्यान एका बाजूला असेल आणि तिकडे गल्ल्या फुटत नसतील, तर दुहेरी मार्गिका उत्तम. दोन्ही बाजूंना गल्ल्या असलेल्या आपल्या रस्त्यावर मी एकेरी जोडीच घेईन.

बस थांब्यापाशी बस सायकल मार्गिकेत घुसू नये आणि सायकलस्वार उतरणाऱ्या प्रवाशांत घुसू नये, हे दोन्ही एकदम साधायचे असते. पार्किंगच्या बाजूला हे सोपे आहे. तिथे पार्किंग थांबवून त्याचे २.१ मीटर आणि पट्टीचा एक मीटर मिळून सुमारे तीन मीटरचे बेट होते, बस त्याला लागते, प्रवासी बेटावर थांबतात आणि सायकली बेटाच्या मागून जातात. सायकल मार्गिका तिथे पदपथाच्या पातळीला उचलावी आणि ओलांडण्याच्या जागी झेब्रा पट्टे आखावेत. दृष्टिहीनांसाठी उंचवट्याच्या फरशा पदपथापासून बेटापर्यंत सलग हव्यात, आणि त्यांच्या जागा तिथल्या दृष्टिहीन रहिवाशांना सोबत घेऊन ठरवाव्यात. दुसऱ्या बाजूला मीटरभराच्या पट्टीवर थांबा बसत नाही. तिथे एक युक्ती आहे: पार्किंग सगळ्या दोन किलोमीटरभर एकाच बाजूला न ठेवता टप्प्याटप्प्याने डावीकडून उजवीकडे न्यावे, म्हणजे प्रत्येक दिशेच्या थांब्याला कुठे ना कुठे पार्किंगची बाजू मिळते. मोटारींचा मार्ग त्यामुळे किंचित नागमोडी होतो आणि वेगही उतरतो. हे जमलेच नाही, तर कोपनहेगनमधल्या बेट नसलेल्या थांब्यांचा नियम लावावा लागेल, की प्रवासी उतरत असताना सायकलस्वाराने थांबायचे. हा नियम रुळायला वेळ लागतो.

मोटरसायकली मार्गिकेत शिरतील, ही भीती खरी आहे आणि तिला साधे उत्तर नाही. मालवाहू सायकल मावेल अशा कोणत्याही फटीतून मोटरसायकल जाते. प्रवेशावर दाटीने खांब रोवले तर त्यांवर सायकली आपटतात, आणि व्हीलचेअर किंवा तीनचाकी वापरणाऱ्यांना बाहेरच ठेवले जाते. खांब लावायचाच झाला तर मध्ये एकच, दोन्ही बाजूंना दीड मीटर मोकळे सोडून, रंगवलेला आणि उजेडातला असावा. ॲमस्टरडॅमलाही हलक्या स्कूटर सायकल मार्गिकांतून काढून मुख्य रस्त्यावर न्याव्या लागल्या, आणि तो नियम तिथे २०१९ मध्ये लागू झाला. माझ्या पाहण्यात मोटरसायकली मुख्यतः सिग्नलआधीच्या रांगेला वळसा घालायला मार्गिकेत शिरतात. म्हणून चौकाआधीच्या पन्नास-साठ मीटरमध्ये खिंडी ठेवू नयेत आणि देखरेख करायची असेल तर तिथेच करावी. पूर्ण दोन किलोमीटरवर माणसे नेमून उपयोग होत नाही.

पृष्ठभागाकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून त्याचा उल्लेख करते. नेदरलँड्ससारख्या देशात रुग्णालयात दाखल होणाऱ्या जखमी सायकलस्वारांपैकी बहुसंख्य कोणत्याही मोटारीशी धडक न होता पडलेले असतात. गटाराच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात, चेंबरचे झाकण मार्गिकेच्या पातळीत हवे आणि पेव्हर ब्लॉकऐवजी यंत्राने अंथरलेले गुळगुळीत डांबर हवे. रंगवायचे झाल्यास पावसात न घसरणारा रंग फक्त छेदांच्या जागी वापरावा. सगळी मार्गिका रंगवली की धोक्याची जागा वेगळी उठून दिसत नाही, आणि खर्चही वाढतो.

हे सगळे एकदम काँक्रीटमध्ये ओतू नये. रंग, शंकू, वाफे आणि हलवता येणारे कर्ब वापरून काही महिन्यांची चाचणी घ्यावी. पॅरिसने २०२० मध्ये अनेक मार्गिका अशाच तात्पुरत्या स्वरूपात सुरू केल्या आणि नंतर त्यांतल्या बऱ्याच पक्क्या केल्या. चाचणीच्या काळात अपघातांची संख्या मोजून निष्कर्ष काढू नये. दोन किलोमीटरवरचे काही महिन्यांचे आकडे इतके लहान असतात की त्यांतली घट किंवा वाढ निव्वळ योगायोग असू शकते. त्याऐवजी वेग मोजावा, चौकात उंचावर कॅमेरा लावून थोडक्यात टळलेल्या धडका मोजाव्यात, आणि मार्गिकेत कोण येते ते पाहावे. पूर्वी पदपथावरून जाणारे सायकलस्वार खाली उतरले का, मुली आणि वयस्कर माणसे दिसू लागली का, यावरून लोकांना तिथे किती सुरक्षित वाटते ते बऱ्यापैकी कळते.

आपल्या रस्त्याबद्दल याहून नेमके सांगायला मला काही माहिती लागेल. चारही चौकांवर सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासात डावीकडे, उजवीकडे आणि सरळ जाणारी वाहने प्रकारानुसार किती, आडव्या रस्त्यांची रुंदी किती, सिग्नलचे चक्र किती सेकंदांचे, कोणत्या चौकातून ट्रक वळतात, बस थांबे नेमके कुठे आहेत आणि पदपथ किती रुंद आहेत. दोन शाळांपैकी ज्या शाळेची जास्त मुले सायकलने येतात किंवा येऊ शकतील, तिच्या जवळच्या चौकाचे मोजमाप आधी पाठवावे. मोजणीसाठी यंत्रणा नसेल तर चौकाच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन माणसे, वही आणि एका नेहमीच्या कामाच्या दिवसातले चार तास एवढ्यावर पहिला आराखडा करता येतो.